लाकडाच्या भट्टीतला चहाचा वाडगा: रोज वापरावा की जपून ठेवावा?

रेवा (५ जानेवारी)

मंडळी, गेल्या रविवारी इथे पुण्यात मातीकामाच्या एका प्रदर्शनाला गेले होते आणि एक वाडगा घेऊन घरी आले. कान नसलेला, दोन्ही तळव्यांत नीट बसेल एवढा. विकणाऱ्या ताई म्हणाल्या, चाकावर केलाय आणि लाकडाच्या भट्टीत भाजलाय. एका बाजूने राखेचा हिरवट थर वितळून खाली ओघळलाय, उन्हाळ्यात गुळाची ढेप पाझरते ना, अगदी तसा. दुसरी बाजू कोरडी, विटकरी, हाताला किंचित खरबरीत. बुडाशी तीन ठिकाणी पंख्यासारख्या बारीक रेघा आहेत. त्या कशाच्या ते विचारायचं राहूनच गेलं. किंमत २,८०० रुपये.

घरी आल्याआल्या आमचा नेहमीचा आल्याचा, दुधाचा चहा त्यात घेतला. दहा मिनिटांनी उचलून बघते तर टेबलावर ओलं वर्तुळ. तडा कुठे दिसत नाही, थेंब पडत नाही, पण बुडातून पाझरतोय हे नक्की. नवरा म्हणतो शोकेसमध्ये ठेव, सासूबाई म्हणतात परत करून ये. मला मात्र तो रोज वापरायचाय. दुधाचा चहा आत मुरून वास येईल का? पाझरणं थांबतं का? कुणी वापरतं का असं भांडं रोजच्या रोज?

चहाटळ

वाडगा झकास असणार यात शंका नाही. पण मावतो किती? आमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्यापुढे धरलात तर चार कटिंग ओतेल आणि चौघांचे पैसे घेईल. फोटो टाका की.

मातीमाय

रेवाताई, परत करू नका. मी गेली नऊ वर्षं हौसेने मातीकाम करते, माहिती आहे तेवढं सांगते.

हिरवट थर म्हणजे मुद्दाम लावलेलं ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) नाही. लाकूड जळताना राख ज्वाळेबरोबर उडते आणि भांड्यांवर बसते. राखेत चुना, पोटॅश, सोडा असतो, मातीत सिलिका. भट्टी १,२५० अंशांच्या आसपास गेली की दोन्ही एकमेकांत विरघळून काच होते आणि उताराकडे ओघळते. तुमच्या वाडग्याची हिरवी बाजू आगीकडे तोंड करून होती आणि विटकरी बाजू शेजारच्या भांड्याच्या आडोशाला. म्हणजे भट्टीत तो कसा उभा होता हे तुम्हाला घरबसल्या दिसतंय.

बुडाच्या रेघा शिंपल्यांच्या आहेत. भांडं थेट फळीवर ठेवलं तर वितळलेली राख त्याला फळीशी चिकटवून टाकते. म्हणून मातीने भरलेले तीन शिंपले खाली ठेवतात. आगीत शिंपल्याची चुनकळी होते, नंतर पाणी लागलं की भुगा होऊन गळून पडते, रेघा तेवढ्या राहतात.

आता पाझरण्याचं. लाकडाच्या भट्टीत सगळीकडे सारखी उष्णता नसते. थोड्या थंड कोपऱ्यात माती पूर्ण घट्ट होत नाही, सूक्ष्म छिद्रं राहतात, आणि बूड तर बिनग्लेझचंच. उपाय सोपा आहे: वापरण्याआधी वाडगा पाच-दहा मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेवा. छिद्रांत आधी पाणी गेलं की चहाला फारशी जागा उरत नाही.

माई

पाण्यात बुडवून काय होतंय? पेज घाला पेज. माझ्या सासूबाई नवीन मातीचं कालवणाचं भांडं आणलं की रात्रभर पाण्यात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यात तांदळाची दाट पेज मंद आचेवर शिजवायच्या. गार होईस्तोवर आतच ठेवायची, मग धुवायचं. पुढे वर्षानुवर्षं ते भांडं पाझरत नसे. वाडगा आचेवर ठेवू नको हो मात्र. गरम पेज ओत आणि रात्रभर राहू दे.

क्योतोकर

माईंना साष्टांग नमस्कार. मी चार वर्षं क्योतोला होतो. तिथे मातीचं नवीन हंडं आणलं की घरोघरी हेच करतात, तांदळाची पातळ पेज शिजवून छिद्रं बुजवतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आजीच आठवली होती.

रेवाताई, एक खुलासा. जपानीत अशा वाडग्याला चावान म्हणतात आणि तो मुळात माच्चासाठी असतो. हिरव्या चहाची पूड, थोडं गरम पाणी आणि बांबूच्या फेटणीने फेटायचं. फेटायला हात फिरला पाहिजे म्हणून वाडगा मोठा आणि चहा मात्र तळाशी तीन-चार घोट. उन्हाळ्यात पसरट वाडगा काढतात, चहा लवकर निवावा म्हणून, आणि थंडीत उभट. चहाटळ, तुमच्या चार कटिंगचा प्रश्न मिटला. काठोकाठ भरायचाच नसतो तो.

मुरण्याबद्दल: हागी नावाचं गाव आहे (हसू नका, यामागुची प्रांतात आहे), तिथल्या वाडग्यांच्या ग्लेझला बारीक तडे असतात. वर्षानुवर्षं चहा मुरून रंग बदलत जातो आणि लोक त्या बदलासाठीच ते वाडगे घेतात. 'हागीचे सात बदल' असा शब्दप्रयोगच आहे. पण तो चहा बिनदुधाचा, हे लक्षात घ्या.

अनुजा_कोथरूड

दुधाचं मला विचारा. माझ्याकडे असाच एक आहे, तीन वर्षं रोज चहा पिते. दोन नियम: चहा संपला की लगेच गरम पाण्याने धुवायचा, ऑफिसला जाताना सिंकमध्ये टाकून जायचं नाही. आणि धुतल्यावर उताणा न ठेवता पालथा किंवा आडवा वाळवायचा, बूड ओलं राहता कामा नये. एकदा दमट पावसाळ्यात कपाटात बंद करून ठेवला तर बुरशीचा वास आला होता. उन्हात दोन दिवस ठेवला, गेला.

हिशेबी

सगळं वाचतोय. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. २,८०० रुपयांना एक वाडगा, तोही पाझरणारा, आणि त्याच्यावर आपण पेज ओतायची? आमच्या गल्लीतल्या माठवाल्याकडचा माठ जरा तिरका निघाला तर आपण बदलून घेतो, वर दहा रुपये कमी करायला लावतो. तेच तिरकेपण प्रदर्शनात मांडलं की कला होते. हे मला झेपत नाही.

पेठकर

हिशेबींना +१. आणि लाकूड जाळण्याचं काय? पुण्याची हवा आधीच काय कमी खराब आहे?

कुंभारवेस

हा धागा मुलीने दाखवला. आम्ही जातीचे आणि धंद्याचे कुंभार. आजोबांचं घर कसब्यात कुंभारवेशीजवळ होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पोळ्यासाठी केलेले कच्चे बैल फळ्यांवर वाळत होते. पाणी ओसरल्यावर आजोबा आत गेले तर बैलांचा परत चिखल झालेला. आजी सांगायची, आजोबा तिथेच बसले, मग उठून तोच चिखल पाटीत भरायला लागले. पुढे आम्ही मुंढव्याला केशवनगरच्या कुंभारवाड्यात आलो.

हिशेबी साहेब, तुमच्या बोलण्यात खोट नाही. माझा माठ कुणी परत केला की मलाही लागतं. पण तिरक्या-तिरक्यात फरक असतो. माठ तिरका होतो तो बहुतेक वेळा माझ्या घाईने. माती नीट मळली नाही, एका बाजूला जाड राहिली, ओला असताना उचलला. रेवाताईंचा वाडगा मी पाहिलेला नाही, म्हणून त्यांनीच तीन गोष्टी बघाव्यात. एक, सपाट ओट्यावर ठेवून काठावर बोट दाबा, डुलतो का? दोन, रिकामा उचला, दिसतो त्यापेक्षा जड लागतो की हलका? बुडाशी माती उगाच सोडली असेल तर जड लागतो. तीन, काठ ओठाला लावा. कुठे बोचतो का? या तिन्हींत पास झाला तर हात चांगला आहे, मग पोट कुठे दबलेलं असेना का, ते आगीचं काम.

चौथी आमची पिढीजात परीक्षा: बोटाच्या पेराने वाजवा. पक्कं भांडं टण्ण बोलतं. कच्चं किंवा तडकलेलं बद्द बोलतं.

माई

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली ती हीच परीक्षा की. नामदेव महाराज तेवढे कच्चे निघाले म्हणतात! लहानपणी कीर्तनात ऐकताना मला नामदेवांचंच वाईट वाटायचं.

रेवा

आत्ताच वाजवून पाहिला. टण्ण! डुलत नाही. काठ एका जागी किंचित खाली उतरलाय आणि ओठ आपोआप तिथेच जातो. आज रात्री पेज.

उत्खनक

विषय निघालाच आहे तर थोडं जुनं सांगतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं ते गाव. तिथल्या जोर्वे पद्धतीच्या भांड्यांवर (जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव, तिथे ती पहिल्यांदा ओळखली गेली) लाल अंगावर काळी नक्षी असते. चाकावर केलेली आणि इतकी छान भाजलेली की वाजवली तर धातूसारखी वाजतात. इनामगावात भांडी भाजायची गोल भट्टीही सापडली.

पोटाशी कंगोरा असलेल्या वाट्या हा जोर्वेचा खास घाट. अशी फुटकी वाटी मी हातात धरली आहे. कंगोऱ्याखाली बोटं बरोबर अडकतात, निसटत नाहीत. ज्याने ती केली त्याने कुणाच्या तरी बोटांचा विचार केला होता.

चहाटळ

जोर्वेची तोटीवाली भांडीही असतात ना? मग ती चहाचीच किटली! पुणे जिल्ह्याचा चहा तीन हजार वर्षं जुना, सिद्ध झालं.

उत्खनक

तोटी आहे, चहा नाही. पण तुमच्यासाठी पुन्हा एकदा खणायला तयार आहे.

रात्रपाळी

लाकडाच्या भट्टीच्या भाजणीत मी दोनदा मदतीला होतो, पुण्याबाहेर एका स्टुडिओत. पैशाचा प्रश्न निघाला म्हणून तिथे काय पाहिलं ते लिहितो.

माझी पाळी रात्री दोन ते सहा. भट्टी आदल्या दिवशी सकाळी पेटवली होती. आधी दिवसभर नुसती धुगधुगी, कारण मातीतलं पाणी सावकाश गेलं नाही तर भांडी फुटतात, आणि ५७३ अंशांपाशी मातीतल्या गारगोटीच्या कणांची रचना एकदम बदलते, तिथे घाई केली की तडे जातात. मी पोचलो तेव्हा आतला रंग नारंगी सोडून पिवळ्याकडे झुकला होता. काम काय? झडप उघडायची, मनगटाएवढ्या फोडलेल्या सुबाभळीच्या चार-पाच काटक्या आत सारायच्या, झडप बंद. आत धडधड असा आवाज होतो, धुराड्यातून काळा धूर निघतो, दोन-तीन मिनिटांनी धूर विरळ होतो, ज्वाळा आखडते. की पुन्हा झडप. चार तास हेच. कोपरापर्यंतचे केस जळले होते, पाठ मात्र थंडीने काकडत होती.

तीन वाजता काटा १,१८० वर अडला तो अडलाच. मी बावचळून जास्त लाकूड कोंबायला लागलो तर तापमान आणखी दहा अंश उतरलं. ज्यांची भट्टी होती त्या ताई झोपेतून उठून आल्या, धुराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तिला खायला घालू नकोस आता. श्वास घेऊ दे." निखाऱ्यांचा थर इतका साचला होता की खालून हवाच जात नव्हती. लोखंडी दांड्याने निखारे पसरले, खालची भोकं मोकळी केली, वीस मिनिटं काहीही टाकलं नाही. मग काटा चढायला लागला. उजाडताना झरोक्यातून पाहिलं तर आतला मातीचा शंकू, जो ठरलेल्या उष्णतेला मऊ होऊन वाकतो, तो मान टाकून नमस्कार घातल्यासारखा झाला होता. शेजारच्या वाडग्यांवर राख ओली चमकत होती. काही तासांपूर्वी ते मातकट होते.

नंतर चार दिवस भट्टी बंद. उघडायचा मोह होतो, पण गार हवा लागली की संपलं. पाचव्या दिवशी दार काढलं. पुढच्या रांगेतले सहा वाडगे एकमेकांना चिकटले होते, दोन फळीला. एक अप्रतिम होता, आत निळसर हिरवं तळं साचलेलं, आणि बुडाला आरपार तडा. ताईंनी तो बराच वेळ हातात फिरवला, मग बाजूला ठेवला. त्या एका भाजणीसाठी त्यांनी चार महिने भांडी केली होती. तेव्हापासून मी किंमत विचारतो, घासाघीस करत नाही.

पेठकर, धुराचं म्हणणं रास्त आहे. तिथे वर्षातून दोनच भाजण्या होतात, आणि लाकूड छाटणीचं नाहीतर पाडलेल्या घरांचं, रंग नि खिळे नसलेलं.

कुंभारवेस

रात्रपाळी साहेब, निखाऱ्याचं जे लिहिलंत ते आमच्या आव्यालाही (आमच्या भट्टीलाही) लागू. वडील म्हणायचे, आगीला घास कमी पडला तर मागून घेते, जास्त झाला तर रुसते.

धुरावरून आम्ही पुष्कळ ऐकलंय. आवा आधीपासून होता, सोसायटी नंतर आली, तरी तक्रार आमच्यावरच. आता आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा लावतो, वारा बघून. पण हेही खरं की शेजारच्या घरात लहान बाळ असेल तर मी काय उत्तर देऊ? म्हणून पणत्या आणि छोटा माल विजेच्या भट्टीत भाजायला लागलोय. रंग तसा येत नाही, काळी झाक मिळत नाही.

हिशेबी

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. किंमतीचा मुद्दा मागे घेतो. पण एक प्रश्न राहतोच: कुंभारवेस यांच्यासारख्यांनी हेच करायला काय हरकत आहे? हात आहे, चाक आहे, आव्याची समज आहे.

कुंभारवेस

माती ऐकत नाही साहेब. आपली लाल माती लोखंडाने भरलेली. आमचा आवा आठशे-नऊशेच्या घरात भाजतो, तिथे ती खूश असते. बाराशेला नेली की फुगते, बसते, कधी चक्क वितळते. या वाडग्यांना लागते ती माती वेगळी, स्टुडिओवाले गुजरातेत थानकडून वगैरे मागवतात. ती भट्टी बांधायला लाखात खर्च. शिवाय आमच्या मातीत आम्ही लीद नि राख मिसळतो, कारण माठाला छिद्रं हवीतच. पाणी पाझरतं, वाफ होते, म्हणून गार राहतं. रेवाताईंच्या वाडग्याचा जो दोष तोच आमच्या माठाचा गुण.

क्योतोकर

तरी एक सांगतो. चहासमारंभातल्या सगळ्यात प्रतिष्ठेच्या वाडग्यांत राकू येतात. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहाच्या आचार्यांनी चोजिरो नावाच्या कारागिराकडून ते करून घेतले. ते चाकावर करत नाहीत, हातांनी दाबून घडवतात, आणि कमी आचेवर भाजतात. सच्छिद्र असतात, जाड असतात, म्हणून गरम चहा भरला तरी हात पोळत नाही. आणि 'किझाएमोन' नावाचा जो वाडगा जपानने राष्ट्रीय ठेवा ठरवलाय, तो मुळात कोरियातला. कुणी केला त्याचं नाव कुठेच नाही. म्हणजे तुमच्या आठशे-नऊशेच्या आव्यातला वाडगा काही कमी दर्जाचा नव्हे.

मातीमाय

क्योतोकरांशी सहमत, पण सावधपणे. कमी आचेवर चकचकीत रंगीत ग्लेझ कुणी लावत असेल तर त्यात शिसं नाही ना, हे विचारल्याशिवाय चहाला वापरू नका. बिनग्लेझचं ठीक.

कुंभारवेस

ग्लेझ आम्ही करतच नाही. विचार डोक्यात शिरलाय मात्र. बघतो.

रेवा (१८ मार्च)

धागा वर काढतेय, कारण बरंच सांगायचंय.

पेज दोनदा केली. पहिल्या वेळी वर्तुळ अर्ध्यावर आलं, दुसऱ्यानंतर टेबल कोरडं. माईंना मनापासून धन्यवाद. अनुजाचे दोन्ही नियम पाळते, वास अजिबात नाही. आतल्या हिरव्या भागात केसासारख्या बारीक रेघा होत्या, त्या आता चहाने तपकिरी झाल्यात. पावसात झाडाच्या बारक्या फांद्या गडद होतात तशा. सकाळी उजेडात धरून बघायची सवयच लागलीय.

खरी गोष्ट वेगळीच आहे. सासूबाईंच्या बोटांचे सांधे दोन वर्षांपासून सुजतात. कपाच्या कानात बोट घालून उचलणं त्यांना जमत नाही, म्हणून त्या बशीत ओतून घ्यायच्या आणि सांडलं की स्वतःवरच चिडायच्या. फेब्रुवारीत एकदा मी अंघोळीला गेले असताना त्यांनी ओट्यावरचा हा वाडगा घेतला. बाहेर आले तर खिडकीशी बसल्या होत्या, दोन्ही तळव्यांत धरून. अर्धाच भरला होता. म्हणाल्या, "हाताला शेक मिळतो गं." बोट कुठेच अडकवावं लागत नाही, खरबरीत बाजूवर पकड बसते. त्यानंतर रोज सकाळी त्याच घेतात.

माई

वाचून डोळे भरून आले गं.

कुंभारवेस

रेवाताई, तुमच्या सासूबाईंसाठीच केल्यासारखी एक बातमी आहे. आपल्या लाल मातीचे बारा वाडगे केले. लीद न घालता, माती दोनदा गाळून, पोटाशी उत्खनक साहेबांनी सांगितला तसा कंगोरा काढून. आव्यातून नऊ धड निघाले. एक बद्द वाजला, तो पक्ष्यांच्या पाण्याला ठेवलाय. आठ पेजेत घातलेत, माईंच्या पद्धतीने. वडील ऐंशीचे आहेत, त्यांनी एक उचलला, अंगठा कंगोऱ्यावरून फिरवला आणि म्हणाले, बूड अजून चार काडी बारीक कर. करतोय.

चहाटळ

आठातला एक माझा. अमृततुल्यवाल्याला मी समजावतो.

रेवा

दोन माझ्यासाठी ठेवा. सासूबाई आता वाडगा धुवायलाही माझ्या हातात देत नाहीत.